हजेरी

इंटर्न या शब्दासाठी मराठीत तीन प्रतिशब्द सापडतात. ‘प्रशिक्षणार्थी’ सरकारी फलकांवर असतो. ‘आंतरवासिता’ बी.एड.च्या अभ्यासक्रमात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिपत्रकांत भेटते. तिसरा ‘उमेदवार’. हा जुना, घरातला. वकिलाच्या, सोनाराच्या किंवा छापखान्यातल्या एखाद्या मुरलेल्या कंपॉझिटरच्या हाताखाली बिनपगारी काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत, आणि ती वर्षं म्हणजे त्याची उमेदवारी. निवडणुकांनी हा शब्द आता जवळजवळ पळवून नेला आहे. तरी तो मला आवडतो, कारण त्यात ‘उमेद’ उघड दिसते. पुढे काहीतरी पदरात पडेल या आशेवर माणूस आज फुकट राबतो आहे, हा व्यवहार तो शब्द लपवत नाही.

एका बत्तीस पानी पुस्तिकेमुळे मला या शब्दापाशी थांबावं लागलं. मी चेन्नईत राहते आणि तमिळ व इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कृषी महाविद्यालयाने तिसऱ्या वर्षाचे अकरा विद्यार्थी दहा आठवड्यांसाठी ऑरोविलमधल्या एका वनवस्तीत पाठवायचं ठरवलं. वस्तीकडे स्वयंसेवकांसाठी इंग्रजी माहितीपुस्तिका होती, ती मराठीत हवी होती. शिवाय पहिले दोन आठवडे मी दुभाषी म्हणून तिथे राहावं असंही ठरलं. मुलांचं इंग्रजी वाचण्यापुरतं होतं, आणि वस्तीत रोज कामाला येणाऱ्या बायकांना तमिळखेरीज दुसरी भाषा येत नव्हती.

ऑरोविल पुद्दुचेरीच्या उत्तरेला, समुद्रापासून थोडं आत, एका ठेंगण्या पठारावर आहे. त्याचा बराचसा भाग तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात येतो. श्रीअरविंद आश्रमाच्या माताजींच्या कल्पनेतून 28 फेब्रुवारी 1968 रोजी त्याची स्थापना झाली, तेव्हा 124 देशांची माती आणून एका कलशात घातली होती. 50 हजार वस्तीचं नगर डोळ्यांसमोर होतं. आज तिथे तीन हजारांच्या आसपास माणसं राहतात, आणि भोवतालच्या खेड्यांतून हजारो माणसं रोज कामाला येतात.

पहिल्या रहिवाशांच्या वाट्याला आलं ते उघडंबोडकं लाल पठार. जंगल केव्हाच तोडलं गेलं होतं आणि गुरं-शेळ्यांनी उरलंसुरलं खाल्लं होतं. या किनाऱ्यावर मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येकडून येतो आणि थोड्या दिवसांत भरपूर पडतो. झाड नाही, गवत नाही, त्यामुळे तो पाऊस माती घेऊन घळींतून थेट बंगालच्या उपसागरात जायचा. झाडं लावण्याआधी पाणी थांबवणं भाग होतं. म्हणून आधी बांध, मग कुंपण आणि मग रोपं, असा क्रम लागला. अगदी सुरुवातीला ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी दणकट, झपाट्याने वाढणारी झाडं लावली. त्यांच्या सावलीत मग इथली मूळची झाडं वाढवली.

ही मूळची झाडं शोधायची कुठे, तर देवळांच्या राईत. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कोरड्या सदाहरित जंगलाचे जे तुकडे उरले आहेत, त्यांतले बरेच ‘कोविल काडु’ आहेत, म्हणजे आपल्या देवराया. पुद्दुचेरीच्या उत्तरेला किनाऱ्याच्या रस्त्यावर कीळपुदुपट्टूला अय्यनाराची अशीच एक राई आहे. तिथल्यासारख्या राईंतून बिया आणून ऑरोविलच्या रोपवाटिका उभ्या राहिल्या. त्यात जांभूळ आहे, काजरा आहे, खिरणी आहे आणि अंजनीही. महाबळेश्वरला निळ्या फुलांनी लगडते तीच ही अंजनी. सातारा जिल्ह्यातल्या मुलांनी ती पानांवरून ओळखली तेव्हा त्यांचा चेहरा परगावी नातेवाईक भेटल्यासारखा झाला होता.

वस्तीतला दिवस पहाटे पावणेसहाला सुरू व्हायचा. सहा ते आठ पहिलं काम, मग न्याहारी, साडेनऊ ते बारा दुसरं काम. दुपार मोकळी, कारण जुलैतल्या त्या उन्हात दुपारी कुदळ मारणं शहाणपणाचं नाही. वीज सौर पंख्यांपुरती. अंघोळीला एक बादली पाणी. संडास कोरडे, पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा आणि वर्षभराने त्याचं खत करायचं. भांडी राखेने घासायची. आमच्या शेजारच्या झोपडीत एक जर्मन मुलगी होती. राखेने तेलकटपणा कसा जातो हे तिने अकरा जणांना अगदी मन लावून समजावलं. मी ते मराठीत सांगत असताना फलटणची एक मुलगी हळूच म्हणाली, “ताई, हिला सांगू नका, पण आमच्याकडे विम बार आला तो माझ्या दहावीच्या वर्षी.”

‘सस्टेनेबल’चा अनुवाद करताना मी अशीच घुटमळत होते. ‘शाश्वत’ हा रुळलेला प्रतिशब्द. पण आपल्याकडे शाश्वत म्हटलं की कीर्तन आठवतं. जे नश्वर नाही ते शाश्वत. पाचट, राख आणि भुसा यांत शाश्वत काहीच नसतं, त्यांचं कुजणं हाच तर तिथला कारभार. ‘टिकाऊ’ म्हणावं तर सगळ्यांत टिकाऊ प्लॅस्टिक. पुस्तिकेत मी अखेर ‘शाश्वत’च ठेवला, कारण विद्यार्थ्यांच्या क्रमिक पुस्तकांत तोच होता. पण मनातल्या मनात मी तिथे ‘निभणं’ हे क्रियापद वाचत होते. पाणी निभलं पाहिजे, माती निभली पाहिजे.

पुस्तिकेत वस्तीतल्या माणसांचे चार प्रकार होते: रहिवासी, दीर्घकाळचे स्वयंसेवक, इंटर्न आणि पाहुणे. प्रत्येकाने काय करायचं, कुठे जेवायचं, किती दिवस राहायचं, हे नेमकं लिहिलं होतं. शेजारच्या खेड्यातून येणाऱ्या बायकांचा उल्लेख एकदाच, स्वयंपाकघराच्या पानावर, ‘स्थानिक कर्मचारी’ असा. प्रत्यक्षात त्यांना सगळे ‘अम्मा’ म्हणत. सात जणी होत्या. तिघी स्वयंपाकात आणि चौघी जंगलात. या चौघींपैकी थोरली पंचावन्न-साठच्या घरात होती, आणि ती लहानपणापासून या पठारावर येत होती. आधी आईबरोबर शेळ्या घेऊन, मग खड्डे खणायला आणि आता रोपांसाठी.

मुलांना पहिल्या आठवड्यात काम मिळालं ते उतारावर समपातळीत चर खणण्याचं. वस्तीतल्या तरुण रहिवाशाने लाकडी ए-फ्रेम आणली आणि समपातळी कशी काढायची ते दाखवायला सुरुवात केली. माणचा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, “हे मला येतं.” माण तालुका दुष्काळी. तिथल्या गावांनी वॉटर कपच्या काळात हजारो तास श्रमदान केलं आहे. 2016च्या पहिल्या स्पर्धेत पहिलं आलेलं वेळू गावही सातारा जिल्ह्यातलंच, कोरेगाव तालुक्यातलं. हा मुलगा तेव्हा शाळेत होता. सलग समतल चर, माती उताराच्या बाजूला टाकायची, दोन फूट रुंद, हे सगळं त्याला पाठ होतं. रहिवाशाने ए-फ्रेम त्याच्या हातात दिली आणि बाजूला झाला. मला तो रहिवासी त्या क्षणी फार आवडला.

पण फ्रेम हातात असणं वेगळं आणि कुदळ हातात असणं वेगळं. लाल मुरमाची ती जमीन उन्हाने तापून विटेसारखी झालेली. अकरा जणांनी दोन सकाळी खपून जेवढा चर काढला, तेवढा चौघी अम्मांनी तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या आत काढला. त्या वाकून वेगळ्याच अवजाराने काम करत होत्या. आखूड दांडा, रुंद पातं, आपल्या खोऱ्यासारखं पण काटकोनात बसवलेलं. तमिळमध्ये मण्वेट्टी, बोलीत मम्मट्टी. थोरल्या अम्माने माणच्या मुलाचे हात धरून दांड्यावर योग्य जागी ठेवले. “तंबी, हातातून मारू नकोस, कंबरेतून मार.” हे मी मराठीत सांगितलं, पण त्याची गरज नव्हती. त्याला आधीच कळलं होतं.

त्या रात्री जेवणानंतर त्याने आजीला फोन लावला. वस्तीत नेटवर्क एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीखाली मिळायचं. त्यामुळे सगळ्यांचे फोन सगळ्यांना ऐकू यायचे. आजी सत्तरी ओलांडलेली, आणि तिला कमी ऐकू येत असल्याने स्पीकर लावलेला. त्याने सांगितलं, परमुलखात आलोय, ताली घालतोय, चर खांदतोय. पलीकडून लगेच प्रश्न आला, “हजरी किती पडती रं?”

हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी. आपल्याकडे दुष्काळी कामांवर हा शब्द असाच रुळला. मस्टरवर नाव पुकारलं, माणूस हजर असला, की त्याची हजेरी लागायची आणि तिचे पैसे व्हायचे. हजर असणं आणि पैसे मिळणं या दोन गोष्टींना एकच शब्द. मुलगा थोडा थांबला. मग म्हणाला, “हजेरी नाही आज्जे. जेवणाचं पैसं आपणच द्यायचं असत्यात.” पलीकडे शांतता. मग आजी म्हणाली, “पैसं दिऊन माती उपसतूस?” सगळे हसले, तोही हसला. आजी मात्र हसली नव्हती. “मग नीट उपस,” ती म्हणाली. “आन् सांडवा ठेव. सांडवा न्हाई ठेवला तर पाणी ताल फोडून जातंया.”

ही आजी 1972च्या दुष्काळात अठरा-एकोणीस वर्षांची होती. नवीन लग्न झालेलं, घरात दाणा नाही. नवरा-बायको दोघंही पाझर तलावाच्या कामावर जायची. तिच्या सांगण्याप्रमाणे दिवसाला अडीच-तीन रुपये पडायचे. खायला सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो. खोदलेला खड्डा मुकादम मोजायचा आणि मापात कमी भरला की हजेरी कापली जायची. 1973च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पोचली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यासमोर तिचंच उदाहरण होतं. मागेल त्याला काम आणि केलेल्या कामाला दाम, हा हक्क त्या उपाशी माणसांच्या खोदकामातून आला आहे. आजीचा प्रश्न साधा होता, पण त्यामागे हे सगळं उभं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न तमिळमध्ये आला. थोरल्या अम्माने मला बाजूला घेऊन विचारलं, “या पोरांना कूली किती?” तमिळमध्ये कूली म्हणजे मजुरी, कामाचा मोबदला. आपण ‘कुली’ म्हणून ज्या माणसाला हाक मारतो तो शब्द इथूनच निघाला, असं एक मत आहे. तसं असेल तर मोबदल्याचा शब्द प्रवास करता करता माणसालाच चिकटला. मी अम्माला खरं ते सांगितलं. तिने पदर तोंडाला लावून बाकीच्या तिघींना सांगितलं आणि चौघी पोट धरून हसल्या. या बायकांनी गावातल्या एरीचा, म्हणजे तलावाचा गाळ ‘नूरु नाळ वेलै’वर काढलेला. शंभर दिवसांचं काम, हे त्या 2005च्या कायद्याचं तमिळ घरगुती नाव. पागे हे नाव त्यांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नव्हतं. पण सातारा जिल्ह्यातली एक म्हातारी आणि विळुप्पुरम जिल्ह्यातली ही बाई एकाच कायद्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या आणि एकच प्रश्न विचारत होत्या.

इथे मला प्रश्न टाळता येत नव्हता. एकाच चरात दोन जण खणताहेत. एकीला त्याचे पैसे मिळतात आणि दुसरा त्यासाठी पैसे भरतो. पहिलीला उद्या यावंच लागतं. दुसरा उद्या ताप आला म्हणून झोपून राहू शकतो, आणि दहा आठवड्यांनी प्रमाणपत्र घेऊन निघून जाऊ शकतो. अशा वस्त्यांबद्दल जी टीका होते, ती हीच. सुखवस्तू माणसांचा कष्टाचा खेळ, असं म्हणून ती मोकळी होते. ती टीका खोटी नाही. पण तिच्यात या अकरा जणांना बसवायला गेले की ती कुठेतरी तोकडी पडायची, कारण यातली सात मुलं शेतकऱ्यांची होती आणि दोघांच्या घरी अजूनही आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात होती.

आपल्याकडे श्रमाच्या शिबिरांची परंपरा मोठी आहे. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातून तरुण मे महिन्याच्या उन्हात गेले. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली 37 विद्यापीठांत सुरू झाली, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांनी दोन वर्षांत 240 तास भरून तिचं प्रमाणपत्र घेतलं. या छावण्यांनी घडवलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ‘श्रमसंस्कार’ हा शब्द ज्याच्या घरात श्रम नाहीत त्याला समोर ठेवून घडलेला आहे. माणच्या मुलावर तो संस्कार कुणी करायचा? त्याच्या घरात तर श्रमांपासून सुटका व्हावी म्हणून त्याला कृषी महाविद्यालयात घातलं होतं.

मग त्याला तिथे काय मिळत होतं? पुढच्या दहा दिवसांत मी पाहिलं ते एवढंच. तो रोज रात्री आजीला फोन करू लागला. आधी खुशालीचा, मग कामाचा. माती कोणत्या बाजूला टाकली, दगड कुठले वापरले, सांडवा किती रुंद. आजी मापं सांगायची ती हातात आणि वितीत. तो ती फुटांत करून वहीत उतरवायचा. सांडव्याच्या तळाला मोठे दगड आडवे लावायचे, उभे नाहीत, हे तिने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या अम्माने न विचारता तेच करून दाखवलं. त्याने मला विचारलं, “ताई, आज्जीला हे सगळं येतं हे आम्हाला कधीच कसं माहीत नव्हतं?” मी काही बोलले नाही. घरात तिच्या त्या वर्षांची गोष्ट भुकेची म्हणून सांगितली जायची. ती कसबाचीही गोष्ट होती, हे तो तिथे, घरापासून इतक्या दूर, एका परक्या भाषेतल्या बाईच्या हाताखाली शिकत होता.

अम्माला मी सरळच विचारलं, की ही पोरं फुकट काम करतात म्हणून तुमचं काम कमी होतं का. ती म्हणाली, “कमी? हे आले की आमचं काम वाढतं. यांनी खणलेलं आम्ही पुन्हा खणतो.” मग जरा गंभीर होऊन म्हणाली, “माझी मुलगी चेन्नईत कॉम्प्युटरवर बसते. ती मम्मट्टी हातात धरणार नाही, आणि धरू नये. पण कुणीतरी शिकायला हवं ना. माझ्यानंतर इथे कोण?” आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मी पुढे अनेकांना सांगितली आहे. जवळच्या इरुंबई गावात एक दंतकथा आहे. कडुवेळी नावाच्या सिद्धाचा अपमान झाला म्हणून त्याने या पठाराला ओसाड होण्याचा शाप दिला, आणि दूरदेशीची माणसं येतील तेव्हा ते पुन्हा हिरवं होईल, असा उःशाप दिला. ऑरोविलला येणाऱ्या पाहुण्यांना ती हमखास ऐकवतात. अम्मा म्हणाली, “दूरदेशीची माणसं आली, खरं आहे. पण मधल्या काळात आम्ही कुठे गेलो होतो? आम्ही इथेच होतो.”

दोन आठवडे संपताना मी पुस्तिकेचा मराठी मसुदा वस्तीच्या बैठकीत ठेवला आणि दोन बदल सुचवले. अनुवादकाने मजकुरात भर घालू नये हे मला मान्य आहे; म्हणूनच गुपचूप न घालता ते विचारून घातले. पहिला बदल ‘स्थानिक कर्मचारी’च्या जागी. पुस्तिकेत पाचवा प्रकार आला, पहिल्याच पानावर: गावातून येणाऱ्या जाणत्या बायका, ज्यांच्या हाताखाली तुम्ही पहिले दहा दिवस काम कराल. त्याखाली वीस तमिळ शब्द. मण्वेट्टी म्हणजे खोरं, कडप्पारै म्हणजे पहार, वरप्पु म्हणजे बांध, चट्टी म्हणजे घमेलं. दुसरा बदल पैशाच्या पानावर. तिथे मी लिहिलं: या कामाची तुम्हाला हजेरी मिळत नाही आणि जेवणाचे पैसे तुम्ही भरता. तुमच्या शेजारी काम करणाऱ्या बायकांना हजेरी मिळते, कारण त्यांचं घर त्यावर चालतं. तुम्ही दिलेल्या वेळेमुळे ती कधीही कमी होता कामा नये.

बैठकीत यावर तासभर चर्चा झाली. शेवटच्या वाक्याला वस्तीची तयारी आहे का, हे आधी त्यांनी आपसांत ठरवलं आणि मग ते ठेवलं. इंग्रजी पुस्तिकेतही ते घेतलं गेलं. एका मूळ मजकुराने अनुवादाकडून काही घेण्याचा असा प्रसंग माझ्या वाट्याला फार वेळा आलेला नाही.

अशा उमेदवारीची खरी अडचण मला शेवटच्या दिवसांत कळली. मुलं सप्टेंबरच्या मध्यात परत जाणार होती आणि मोठा पाऊस ऑक्टोबरात येणार होता. म्हणजे ज्या पाण्यासाठी त्यांनी चर खणले, ते पाणी चरात उभं राहिलेलं त्यांना दिसणार नव्हतं. हे पठार असंच उभं राहिलं आहे. येणाऱ्याने बांध घालायचा, दुसऱ्याने रोप लावायचं, तिसऱ्याने त्याला पाणी द्यायचं. 30 डिसेंबर 2011 रोजी ठाणे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं तेव्हा पहिल्या पिढीने लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी मोठ्या संख्येने उन्मळून पडल्या. पण त्यांच्या सावलीत वाढलेली इथली झाडं बरीचशी तगली. बाभळी लावणाऱ्यांपैकी कितीतरी जण तोवर आपापल्या देशी परतलेले होते. झाडं वाचली ती जे थांबले त्यांच्यामुळे, आणि थांबलेल्यांत गावातल्या बायकांची हजेरी सगळ्यांत लांब पल्ल्याची आहे.

डिसेंबरात माणच्या मुलाचा निरोप आला, “ताई, पाणी थांबलं का?” मी वस्तीत फोन लावला. फोन अम्माच्याच हातात दिला त्यांनी. तीन चरांत पाणी थांबलं होतं, दोन-दोन दिवस उभं राहून जिरलं होतं. चौथा नोव्हेंबरच्या पावसात फुटला. सांडवा अरुंद झाला होता. चौघींनी दोन दिवस खपून तो पुन्हा बांधला, आणि त्या दोन दिवसांची कूली शनिवारी मिळाली, हेही अम्माने आवर्जून सांगितलं. मी सगळं जसंच्या तसं त्याला कळवलं. तासाभराने त्याचं उत्तर आलं. चौथा चर त्यानेच आखला होता. अम्माने आता सांडवा किती रुंद ठेवला, ते त्याला हवं होतं, हातात नव्हे, फुटांत. कारण आजीने सांगितलेल्या मापाशी ते जुळवून बघायचं होतं.